विश्लेषण : अणुचाचणी आकाशात नको, मग जमिनीखाली चालेल का?

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ३० ऑक्टोबर २०२५ रोजी, दक्षिण कोरियात चीनचे अध्यक्ष क्षी जिनपिंग यांच्या भेटीच्या काही वेळ आधी, अण्वस्त्र चाचण्या सुरू करण्याचे आदेश दिल्याचे समाजमाध्यमावरून जाहीर केले. इतर देश चाचण्या करत आहेत, तर आम्हीही त्यांच्या बरोबरीने करू, असा त्यांचा सूर होता. हे प्रत्यक्ष अणुस्फोट नसतील, असा खुलासा तीन दिवसांनी ऊर्जामंत्री ख्रिस राइट यांनी केला. पण तोवर व्हायचे ते झाले होते. ५ नोव्हेंबरला रशियाचे अध्यक्ष व्लादिमीर पुतिन यांनीही संभाव्य चाचण्यांच्या तयारीबाबत प्रस्ताव मागवले. या चाचण्या खरोखरच सुरू झाल्या, तर त्या जमिनीखालीच होतील हे सगळे गृहीत धरतात. आणि जमिनीखाली म्हणजे फारसा धोका नाही, हेही बरेच जण गृहीत धरतात. यातील दुसरे गृहीतक कितपत खरे आहे, याचा आढावा.

आजवर किती चाचण्या झाल्या?

१६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात ‘ट्रिनिटी’ ही पहिली चाचणी झाली. तेव्हापासून आजवर जगात दोन हजारांहून अधिक अणुस्फोट घडवले गेले. त्यातील पाचशेहून थोडे अधिक वातावरणात झाले, म्हणजे मनोऱ्यावर, विमानातून बॉम्ब टाकून, फुग्याला टांगून, तराफ्यावर किंवा जमिनीच्या पृष्ठभागावर. उरलेले सुमारे दीड हजार जमिनीखाली झाले. एकट्या अमेरिकेच्या नावावर १,०३० चाचण्या आहेत, तर सोव्हिएत संघाच्या नावावर ७१५. फ्रान्सने २१०, ब्रिटन आणि चीन यांनी प्रत्येकी ४५ चाचण्या केल्या. अमेरिकेची शेवटची चाचणी सप्टेंबर १९९२ मध्ये झाली, सोव्हिएत संघाची ऑक्टोबर १९९० मध्ये आणि चीनची जुलै १९९६ मध्ये. एकविसाव्या शतकात अणुस्फोट केले ते फक्त उत्तर कोरियाने. २००६ ते २०१७ या काळात त्या देशाने सहा चाचण्या केल्या आणि त्या सर्व भूमिगत होत्या.

वातावरणातील स्फोटाने नेमके काय होते?

बॉम्ब फुटला की युरेनियम किंवा प्लुटोनियमच्या विखंडनातून शेकडो प्रकारची किरणोत्सर्गी द्रव्ये तयार होतात. स्फोट जमिनीलगत झाला, तर अग्निगोल हजारो टन माती वर ओढून घेतो. ही द्रव्ये त्या मातीला चिकटतात आणि काही तासांतच वाऱ्याच्या दिशेने शेकडो किलोमीटरपर्यंत धुळीच्या रूपात खाली येतात. स्फोट उंचावर झाला, तर जवळपास पडणारी धूळ कमी होते. मात्र अतिसूक्ष्म कण स्थितांबरात जातात, तिथे महिनोन्महिने फिरतात आणि पावसाबरोबर जगभर उतरतात.

या द्रव्यांपैकी तीन महत्त्वाची. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य जेमतेम आठ दिवसांचे. पण तेवढ्या काळात ते गवतातून गायीत, गायीच्या दुधातून मुलांत आणि मुलांच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत पोहोचते. स्ट्रॉन्शियम-९० हे रासायनिकदृष्ट्या कॅल्शियमसारखे असल्याने हाडांत आणि दातांत जाऊन बसते. त्याचे अर्धायुष्य सुमारे २९ वर्षे. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे असून ते स्नायूंत साठते.

जागतिक सरासरी पाहिली तर हा आकडा छोटा दिसतो. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सारविषयक वैज्ञानिक समितीच्या अंदाजानुसार, १९६३ मध्ये म्हणजे सर्वात वाईट वर्षी, चाचण्यांमुळे जगातील माणसाला सरासरी ०.११ मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सार मिळाला. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळत असतो. पण ही सरासरी फसवी आहे. न्यूयॉर्क, मुंबई आणि मार्शल बेटे यांची बेरीज करून काढलेला आकडा मार्शल बेटांवर काय घडले ते सांगत नाही.

मार्शल बेटांवर काय घडले?

प्रशांत महासागरातील बिकिनी प्रवाळद्वीपावर १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने ‘कॅसल ब्राव्हो’ ही हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. अंदाज होता सहा मेगाटनचा, पण स्फोट झाला पंधरा मेगाटनचा, म्हणजे हिरोशिमाच्या सुमारे हजारपट. बॉम्बमधील लिथियम-७ हे समस्थानिक निष्क्रिय राहील असे शास्त्रज्ञांनी धरले होते. ते तसे राहिले नाही. राँगलॅप बेटावर पांढरी राख बर्फासारखी पडली आणि मुले तिच्यात खेळली. तेथील लोकांना दोन दिवसांनी हलवण्यात आले. १९५७ मध्ये त्यांना परत आणले गेले आणि १९८५ मध्ये त्यांनी ते बेट पुन्हा सोडले.

त्याच राखेत ‘लकी ड्रॅगन क्रमांक पाच’ ही जपानी मासेमारी नौका सापडली. तिच्यावरील २३ जणांना किरणोत्साराची बाधा झाली आणि नौकेचा रेडिओचालक आइकिची कुबोयामा याचा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मृत्यू झाला. या घटनेने जग हादरले. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत सर्व चाचण्या निदान स्थगित करण्याचा करार व्हावा, अशी मागणी केली. चाचणीबंदीची मागणी एखाद्या देशाच्या सरकारप्रमुखाने इतक्या ठामपणे मांडण्याची ही पहिलीच महत्त्वाची वेळ होती.

मग वातावरणातील चाचण्या थांबल्या कशा?

भीती घराघरांत पोहोचली तेव्हा. अमेरिकेत सेंट लुइस शहरात १९५८ च्या अखेरीस डॉक्टर आणि गृहिणींनी मिळून लहान मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली. पुढील काही वर्षांत सुमारे तीन लाख दात जमा झाले. १९५० मध्ये जन्मलेल्या मुलांच्या तुलनेत १९६३ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम-९० चे प्रमाण सुमारे पन्नासपट आढळले. बॉम्ब नेवाडात किंवा सोव्हिएत संघात फुटला तरी तो आपल्या मुलाच्या दातात येतो, हे कळल्यावर राजकारण बदलले.

ऑक्टोबर १९६१ मध्ये सोव्हिएत संघाने नोव्हाया झेम्ल्या बेटांवर पन्नास मेगाटनचा, इतिहासातील सर्वात मोठा स्फोट केला. पुढच्या वर्षी क्युबाचा पेच झाला. त्यानंतर ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांनी अंशतः चाचणीबंदी करारावर सह्या केल्या. वातावरण, अंतराळ आणि पाण्याखालील चाचण्या बंद झाल्या. भूमिगत चाचण्या मात्र वगळल्या गेल्या.

त्या सुरक्षित आहेत म्हणून वगळल्या, असा समज आहे. तो खरा नाही. वाटाघाटींत सर्वच चाचण्यांवर बंदी हा मुद्दा होता. परंतु दूरच्या भूमिगत स्फोटाचा धक्का आणि नैसर्गिक भूकंप यांतला फरक त्या काळी खात्रीने सांगता येत नव्हता. त्यामुळे प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी करणे गरजेचे होते. वर्षाला किमान सात पाहण्या हव्यात असे अमेरिकेचे म्हणणे होते, तर सोव्हिएत संघ तीनच्या पुढे जायला तयार नव्हता. सात आणि तीन यांच्यातल्या त्या फरकात भूमिगत चाचण्यांची वाट मोकळी राहिली. दोन्हीकडच्या लष्करांनाही चाचण्या पूर्ण थांबायला नकोच होत्या.

फ्रान्स आणि चीन यांनी या करारावर सही केली नाही. फ्रान्सने ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडने आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचल्यानंतर १९७४ मध्ये वातावरणातील चाचण्या थांबवल्या. चीनने तशी शेवटची चाचणी केली ती ऑक्टोबर १९८० मध्ये. त्यानंतर आजतागायत कोणत्याही देशाने आकाशात बॉम्ब फोडलेला नाही.

भूमिगत चाचणी कशी केली जाते?

यासाठी काही शे मीटर खोल उभा खड्डा खणतात किंवा डोंगराच्या पोटात आडवा बोगदा काढतात. टोकाला बॉम्ब आणि मोजमापाची उपकरणे ठेवून वाळू, खडी व विशिष्ट मिश्रणांच्या थरांनी वाट बुजवतात. स्फोट होताच आजूबाजूच्या खडकाची क्षणार्धात वाफ होते आणि पोकळी तयार होते. वितळलेला खडक तळाशी साचून काचेसारखा घट्ट होतो आणि प्लुटोनियमचा मोठा भाग त्यात अडकतो. काही मिनिटांनी किंवा तासांनी पोकळीचे छत कोसळते. ही पडझड वरपर्यंत पोहोचली तर जमीन खचून बशीसारखा खड्डा पडतो. नेवाडातील युक्का फ्लॅट या सपाट भागावर असे शेकडो खड्डे आजही उपग्रहातून दिसतात. त्या केंद्रावर ९२८ चाचण्या झाल्या, त्यातील ८२८ भूमिगत.

किती खोल जायचे, यासाठी अमेरिकेत एक ठोकताळा होता : स्फोटाची क्षमता किलोटनमध्ये घ्यायची, तिचे घनमूळ काढायचे आणि त्याला सुमारे १२० मीटरने गुणायचे. या हिशेबाने दीडशे किलोटनच्या स्फोटासाठी साधारण साडेसहाशे मीटर खोली लागते. त्यात पुन्हा खडक कोणता, त्यात पाणी किती, जवळ भेग आहे का, हे पाहावे लागते.

मग जमिनीखालचा स्फोट गळत नाही का?

सगळे नीट झाले तर बहुतेक किरणोत्सार खालीच राहतो, हे खरे आहे. म्हणून वातावरणातील चाचणीच्या तुलनेत भूमिगत चाचणी माणसांसाठी कितीतरी कमी घातक ठरते, यात शंका नाही. १९६३ नंतर हवेतील किरणोत्सर्गी द्रव्ये झपाट्याने घटली, तो या कराराचा निर्विवाद फायदा. पण ‘सगळे नीट झाले तर’ ही अट मोठी आहे.

मे १९६२ मध्ये अल्जीरियाच्या सहारा वाळवंटात फ्रान्सने डोंगराच्या पोटात ‘बेरिल’ चाचणी केली. बोगद्याचे बूच फुटले आणि किरणोत्सर्गी ढग बाहेर पडला. चाचणी पाहायला आलेले संरक्षणमंत्री पिएर मेस्मेर आणि विज्ञानमंत्री गास्ताँ पालेव्स्की यांनाही त्याची बाधा झाली. १८ डिसेंबर १९७० रोजी नेवाडात ‘बेनबेरी’ ही अवघ्या दहा किलोटनची चाचणी सुमारे पावणेतीनशे मीटर खोलीवर झाली. ठोकताळ्यानुसार ही खोली पुरेशी होती. पण खडकात अपेक्षेपेक्षा अधिक पाणी निघाले, जमिनीला भेग पडली आणि किरणोत्सर्गी ढग सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत गेला. त्यात ८६ कामगार सापडले. यानंतर अमेरिकेने चाचण्या सहा महिने थांबवून नियम कडक केले.

सोव्हिएत संघाचे मुख्य चाचणीकेंद्र आजच्या कझाकस्तानात, सेमिपालातिन्स्क येथे होते. तिथे झालेल्या ४५६ चाचण्यांपैकी सुमारे ३४० भूमिगत होत्या. फेब्रुवारी १९८९ मध्ये अशाच एका भूमिगत चाचणीतून वायुगळती झाली. त्यावर कवी ओल्झास सुलेमेनोव्ह यांनी दूरचित्रवाणीवरून जाहीर निषेध केला आणि त्यातून ‘नेवाडा-सेमिपालातिन्स्क’ ही लोकचळवळ उभी राहिली. २९ ऑगस्ट १९९१ रोजी ते केंद्र बंद झाले. हाच दिवस आता संयुक्त राष्ट्रांतर्फे अणुचाचणीविरोधी दिन म्हणून पाळला जातो.

जे खाली राहते, त्याचे काय?

ते तिथेच राहते, आणि हीच खरी अडचण आहे. अणुकचरा साठवायचा तर आपण पोलादाची पिंपे, काँक्रीटच्या भिंती, पाणी न झिरपणारे थर यांची मागणी करतो. भूमिगत चाचणीत तोच कचरा कोणत्याही वेष्टनाविना, तडकलेल्या खडकात, अनेकदा भूजलाच्या पातळीखाली सोडून दिलेला असतो. तो नंतर बाहेर काढण्याचा व्यवहार्य मार्ग नाही. प्लुटोनियम पाण्यात सहजी विरघळत नाही, त्यामुळे ते जागचे हलणार नाही, असे पूर्वी मानले जात होते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मात्र १९६८ मधील एका नेवाडा चाचणीचे प्लुटोनियम भूजलातील सूक्ष्म कणांवर स्वार होऊन १.३ किलोमीटर दूर गेल्याचे दिसले. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य आहे २४ हजार वर्षे.

कझाकस्तानात धोका निराळ्या वाटेने आला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर देगेलेन डोंगरातील बोगदे बेवारस झाले. तांब्याच्या तारा आणि लोखंड विकून पोट भरण्यासाठी आसपासचे लोक त्यांत शिरू लागले. काही ठिकाणी बॉम्ब करता येईल इतके प्लुटोनियम आत पडून होते. अमेरिका, रशिया आणि कझाकस्तान यांनी गुप्तपणे मोहीम राबवून हे बोगदे बुजवले. हे काम २०१२ मध्ये संपले. चाचणी करणारा देश नकाशावरून गेला, तरी चाचणीची जागा जात नाही, हा त्याचा धडा.

चाचण्या जमिनीखाली गेल्याने काय बदलले?

धूळ थांबली, स्पर्धा थांबली नाही. जगातील एकूण चाचण्यांपैकी निम्म्याहून बऱ्याच अधिक १९६३ च्या करारानंतर झाल्या. दुधात स्ट्रॉन्शियम सापडत होते तोवर रस्त्यावर माणसे उतरत होती. ढग दिसेनासा झाल्यावर तो दबाव ओसरला आणि शस्त्रकारांना आणखी तीन दशके मोकळीक मिळाली. छोटी, हलकी आणि एकाच क्षेपणास्त्रावर अनेक बसवता येतील अशी स्फोटके याच काळात घडली. म्हणजे भूमिगत चाचणीने आजची मुले वाचवली, पण ज्यासाठी चाचणी करायची त्या शस्त्राचा धोका वाढवला. दोन्ही पद्धतींची तुलना करताना हा दुसरा हिशेब सहसा मांडला जात नाही.

भूमिगत चाचणी लपवता येते का?

मोठी चाचणी आता जवळपास अशक्य. १९९६ च्या सर्वंकष अणुचाचणी बंदी करारासाठी, म्हणजे सीटीबीटीसाठी, जगभर ३२१ देखरेख केंद्रे आणि १६ प्रयोगशाळांचे जाळे आखले गेले. त्यातील बहुतेक कार्यरत आहेत. ती भूकंपलहरी, समुद्रातील ध्वनी, हवेतील अतिमंद ध्वनिलहरी आणि किरणोत्सर्गी वायू टिपतात. उत्तर कोरियाची सप्टेंबर २०१७ ची चाचणी ६.३ तीव्रतेच्या भूकंपासारखी नोंदली गेली. अगदी लहान स्फोटांबाबत मात्र शंकेला जागा उरते. अमेरिकेनेच १९६६ मध्ये मिसिसिपीत मिठाच्या थरातील पोकळीत ०.३८ किलोटनचा स्फोट करून पाहिला, तेव्हा धक्क्याची तीव्रता सुमारे सत्तरपट कमी झाली. देश एकमेकांवर ‘चोरून चाचण्या’ केल्याचा आरोप करतात, तो याच फटीचा आधार घेऊन.

सीटीबीटीवर १८७ देशांच्या सह्या आहेत, पण तो लागू झालेला नाही. त्यासाठी ठरवलेल्या ४४ देशांपैकी नऊ अजून बाहेर आहेत. अमेरिका, चीन, इराण, इस्रायल आणि इजिप्त यांनी सही करूनही मान्यता दिलेली नाही. रशियाने दिलेली मान्यता २०२३ मध्ये मागे घेतली. भारत, पाकिस्तान आणि उत्तर कोरिया यांची सहीच नाही.

भारताचे स्थान काय?

भारताने १९६३ च्या करारावर तो खुला होताच सही केली. त्यामुळे १८ मे १९७४ रोजीची पोखरण येथील पहिली चाचणी भूमिगत असणे बंधनकारकच होते. ती १०७ मीटर खोलीवर झाली. सरकारने सांगितलेली १२ किलोटन क्षमता धरली, तर अमेरिकी ठोकताळा पावणेतीनशे मीटर मागतो. किरणोत्सार बाहेर आला नसल्याचे सरकारने तेव्हा जाहीर केले होते. मे १९९८ मध्ये पाच स्फोट झाले. त्यातील हायड्रोजन बॉम्बचा खड्डा दोनशे मीटरहून खोल होता. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने त्याची क्षमता ४५ किलोटन सांगितली. २००९ मध्ये ‘डीआरडीओ’चे माजी शास्त्रज्ञ के. संथानम यांनी ही चाचणी अपेक्षेइतकी यशस्वी झाली नसल्याचा दावा केला. अणुऊर्जा आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी तो फेटाळला. प्रश्न मात्र अधूनमधून डोके वर काढतो.

१९९८ नंतर भारताने स्वेच्छेने चाचणीबंदी पाळली आहे. २००८ मध्ये अणुपुरवठादार गटाकडून मिळालेली सूट याच भूमिकेवर उभी आहे.

चाचण्या सुरू झाल्या तर फायदा कोणाचा?

अमेरिकेचा सर्वात कमी. १,०३० स्फोटांची मोजमापे, महासंगणक आणि १९९७ पासून नेवाडात सुरू असलेले, साखळी प्रक्रिया टिकू न देता केले जाणारे प्रयोग तिच्या हाती आहेत. परिपूर्ण चाचणीसाठी तिला दोन ते तीन वर्षांची तयारी लागेल. उलट केवळ ४५ चाचण्यांवर शस्त्रागार वाढवणाऱ्या चीनला आणखी चाचण्यांतून मिळणारी माहिती सर्वाधिक मोलाची. चीनने चाचणी केली तर भारतात १९९८ ची शंका पुन्हा निघेल आणि भारताने केली तर पाकिस्तान थांबणार नाही. मे १९९८ मध्ये आपल्या शेवटच्या स्फोटानंतर पंधरा दिवसांत पाकिस्तानचे उत्तर आले होते.

वातावरणातील आणि भूमिगत यांत निवड करायची तर भूमिगत चाचणी कमी वाईट, हे आकडे सांगतात. पण आज वातावरणातील चाचणीचा प्रस्ताव कोणीच मांडलेला नाही. निवड आहे ती भूमिगत चाचणी आणि चाचणी न करणे या दोहोंत. साठ वर्षांपूर्वी पाहणीच्या आकड्यावरून ही वाट उघडी राहिली. तेव्हा तपासाची साधने नव्हती, हे कारण तरी होते. आता ती साधने आहेत, अडून राहिल्या आहेत त्या नऊ देशांच्या सह्या आणि मान्यता. त्या नऊंत भारतही आहे.